कुठेच नाव नसलेली मुलं

वाचकांचे प्रश्न : सहशालेय उपक्रम आणि संगणक

शाळेतले खेळ, कला, स्पर्धा, मंडळं यांची व्यवस्था मोबाईलवर आणि संगणकावर कशी करावी, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवायचे आणि निवृत्त होईपर्यंत सहशालेय उपक्रमांचं खातं माझ्याकडे होतं. लांब रेघांच्या वहीपासून गुगल शीटपर्यंत सगळं त्या खात्यात वापरून झालं. उत्तरं त्या अनुभवातून देते आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत, आणि जागेअभावी पत्रं थोडी कमी केली आहेत.

बाई, सप्रेम नमस्कार. आमची शाळा पाचवी ते दहावी, पट साधारण साडेसहाशे. यंदा उपक्रमप्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. हेडसर म्हणतात, सगळं ऑनलाइन करून टाका. एका कंपनीचा माणूस ॲप दाखवून गेला, दर मुलामागे वर्षाला पैसे मागतोय. मला एक्सेल जेमतेम येतं. सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षक, बार्शी

सर, ॲपवाल्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. तुमच्या शाळेत कोणते उपक्रम चालतात, कोणत्या वारी, कोणाकडे आणि किती मुलांचे, हे आधी एका कागदावर लिहून काढा. लिहिताना दोन-तीन ठिकाणी पेन अडेल. हरित सेना खरंच भरते की फक्त अहवालात आहे? आरएसपीची, म्हणजे रस्ता सुरक्षा पथकाची, कवायत कोण घेतं? स्काऊटचा तास घटक चाचणी जवळ आली की गणिताला जातो का? हे निस्तरल्याशिवाय कितीही चांगलं ॲप घेतलंत तरी त्यात हाच गोंधळ भरला जाईल. म्हणून पहिला आठवडा कागद, पेन्सिल आणि स्टाफरूममधल्या प्रत्येकाशी बोलणं.

मग एक गुगल शीट उघडा. पैसे पडत नाहीत, आणि कोणी चुकून काही पुसलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. तीन पानं करा. पहिल्यावर मुलं : जनरल रजिस्टर क्रमांक (प्रवेशाच्या वेळी शाळेच्या नोंदवहीत मिळतो तो), नाव, इयत्ता-तुकडी, जन्मतारीख, गाव किंवा वाडी, आणि शाळेत कसं येतं ते, म्हणजे एस.टी., सायकल, रिक्षा की पायी. दुसऱ्यावर उपक्रम : नाव, वार, वेळ, जागा, जबाबदार शिक्षक, किती मुलं घेता येतील. तिसऱ्यावर नोंदी : तारीख, जनरल रजिस्टर क्रमांक, उपक्रम, मुलाने काय केलं. एका मुलाचा एक सहभाग म्हणजे एक ओळ.

बहुतेक जण असं करत नाहीत. ते मुलांची नावं आडवी ठेवून पुढे उपक्रमांचे उभे रकाने काढतात आणि टिक करत जातात. जुलैत ते छान दिसतं. सप्टेंबरात रकाने पडद्याबाहेर जातात, आणि त्या खुणेचा अर्थ नाव दिलं होतं, भाग घेतला होता की बक्षीस मिळालं होतं, हे कोणालाच सांगता येत नाही. ओळीओळीने नोंद केली की यादी लांब होते, पण हवी तशी गाळता येते : एका मुलाची, एका वर्गाची, एका महिन्याची.

मुलाची ओळख नावावर ठेवू नका, जनरल रजिस्टर क्रमांकावर ठेवा. एका वर्गात दोन श्रावणी असतात. ज्ञानेश्वरीचं नाव इंग्रजीत तीन शिक्षक तीन तऱ्हेने लिहितात आणि संगणक त्या तीन मुली धरतो. सरल या शासनाच्या ऑनलाइन नोंदींतला विद्यार्थी क्रमांक वापरायचा असेल तर तो १९ अंकी आहे, हे ध्यानात ठेवा. एक्सेल आकडा म्हणून फक्त १५ अंक सांभाळतं आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्य घालतं. फाईल सेव्ह झाली की मूळ अंक गेले. म्हणून आकडे भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा. जन्मतारखांचंही तसंच. संगणक अमेरिकन पद्धतीवर लावलेला असेल तर ०५/०८ हा पाच ऑगस्ट न राहता आठ मे होतो, आणि खेळाच्या वयोगटाच्या वेळी भांडणं होतात.

आणखी एक जुनं दुखणं. ऑफिसच्या संगणकावर मुलांच्या याद्या बहुधा श्रीलिपीत किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये असतील. त्या जशाच्या तशा शीटमध्ये चिकटवल्या तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, शोध चालत नाही, अकारविल्हे लागत नाही. एकदाच बसून सगळी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या देवनागरीत, आणा. कंटाळवाणं काम आहे, पण वर्षअखेरीला प्रमाणपत्रं छापताना ‘ऋतुजा’चं ‘रुतुजा’ झालेलं दिसत नाही, आणि ते त्या मुलीला फार मोलाचं असतं.

मुलाने काय केलं, या रकान्यात फक्त खेळाडू, वक्ता, गायक एवढंच ठेवू नका. खो-खोच्या मैदानाला सकाळी येऊन फक्की मारणारा मुलगा, गॅदरिंगला पडदा ओढणारी मुलगी, विज्ञान प्रदर्शनात वायरी जोडून देणारा, भित्तिपत्रकासाठी पानं चिकटवणारी, या सगळ्यांची ओळ झाली पाहिजे. कागदी पद्धतीत यांचं नाव कधीच येत नसे, कारण बक्षिसांच्या यादीतच नावं लिहिली जात.

आता ज्या कामासाठी मी ही सगळी मांडामांड करायला सांगते आहे, ते. मुलांच्या पानावर शेवटी एक रकाना जोडा आणि ‘काउंटइफ’ हे सूत्र लावून प्रत्येक क्रमांक नोंदींच्या पानावर किती वेळा आला ते मोजा. सूत्र जमत नसेल तर आठवी-नववीतली मुलं लावून देतील. मग तो रकाना लहानाकडून मोठ्याकडे लावा. वर शून्यवाली मुलं येतील. ती यादी छापा आणि वर्गशिक्षकांच्या हातात द्या. पहिल्या क्रमांकांचे फोटो कुठेही लागतात, ही यादी मात्र कोणी मागत नाही.

आमच्या शाळेत ही यादी पहिल्यांदा काढली तेव्हा स्टाफरूममध्ये दोन तऱ्हेची मतं होती. एक, ही मुलं लाजाळू आहेत. दुसरं, यांच्या आईवडिलांना कशाचं काही नसतं. मी यादी गावावर लावली. बहुतेक नावं डोंगराकडच्या तीन-चार वाड्यांची निघाली. मग ‘शाळेत कसं येतं’ हा रकाना पाहिला : सगळी एस.टी.ची. आमचा प्रत्येक सराव पाच वाजता शाळा सुटल्यावर, आणि त्या बाजूची गाडी सव्वापाचला. ती चुकली तर पुढची दिवेलागणीनंतर, आणि फाट्यापासून वर चढण. मुली तर थांबूच शकत नव्हत्या. लाजेचा किंवा आईवडिलांचा त्यात काही संबंध नव्हता. आम्ही लेझीम आणि कथाकथन मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला घेतलं, खो-खो शनिवारच्या सकाळच्या शाळेला जोडून घेतलं. पुढच्या सत्रात त्याच वाड्यांतल्या मुली तालुक्याला खेळल्या. डोंगर चढून येणाऱ्या मुलींना धावण्यात कोण हरवणार!

सर, ही माहिती आमच्याकडे वर्षानुवर्षं होती. जनरल रजिस्टरात गाव होतं, पासाच्या रजिस्टरात एस.टी. होती, माझ्या वहीत नावं होती. तिन्ही एकत्र आल्याशिवाय दिसत नव्हतं. संगणकाचा उपयोग मला तिथे पटला.

दिवाळीनंतर ॲपवाला आला तर त्याला एवढंच विचारा. आम्ही सोडायचं ठरवलं तर सगळी माहिती साध्या एक्सेलमध्ये परत देणार का, आणि तसं करारात लिहून देणार का? देवनागरीत नाव लिहून शोधता येतं का, हे इथेच करून दाखवा. दोन जीबी रॅमच्या जुन्या फोनवर उघडतं का? मुलांना किंवा पालकांना जाहिराती दिसतात का? आणि कोणत्याच उपक्रमात नसलेल्या मुलांची यादी एका बटणावर निघते का? शेवटच्या प्रश्नाला तो गोंधळला, तर तुमची शीटच बरी.

माझी मुलगी सहावीत आहे. शाळेने नृत्य, तबला, बुद्धिबळ वगैरे वर्गांची नोंदणी ऑनलाइन केली. फॉर्म रात्री आठला उघडला, आणि पहिल्या येणाऱ्याला प्राधान्य होतं. त्या दिवशी आमच्याकडे पाऊस आणि लाईट गेलेली. नेटवर्क आलं तेव्हा नृत्याच्या जागा भरल्या होत्या. शाळा म्हणते, फॉर्मवर वेळ उमटलेली आहे, आम्ही काय करणार? मुलगी दोन दिवस जेवली नाही.
— एक आई, चिपळूण

ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते तुम्ही शाळेकडे लेखी मांडावं असं मला वाटतं. फॉर्म भरल्याची वेळ आपोआप नोंदली जाते हे खरं. पण त्या वेळेवरून कोणाच्या घरी वायफाय आहे एवढंच कळतं. कोणाला नाच शिकायचा आहे, हे कळत नाही. कोकणात जुलैमधल्या रात्री आठ वाजता कोणाच्या घरी लाईट असेल हे महावितरणही सांगू शकणार नाही. शिवाय कितीतरी घरांत एकच चांगला फोन असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री उशिरा घरी येतो.

शाळेला पुढची पद्धत सुचवून पाहा. फॉर्म पूर्ण आठवडाभर उघडा ठेवायचा, त्यात एक रविवार आलाच पाहिजे. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी तोच फॉर्म छापून वर्गात द्यायचा आणि वर्गशिक्षकांनी भरून घ्यायचा. दोन्हीचं मोल सारखं. आधी भरला, नंतर भरला, याला काही महत्त्व नाही, हे वर ठळक लिहायचं. प्रत्येक मुलाने तीन पसंती द्यायच्या, क्रमाने. मुदत संपली की जिथे जागांपेक्षा अर्ज कमी आहेत तिथे सगळ्यांना प्रवेश. जिथे जास्त आहेत तिथे गेल्या वर्षी पहिली पसंती न मिळालेल्या मुलांना आधी घ्यायचं आणि उरलेल्या जागांसाठी सोडत. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, प्रवेशामुळे सोडत ही गोष्ट आता पालकांना नवी नाही.

सोडत मात्र संगणकावर काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शीटमध्ये यादृच्छिक आकडे देणारं सूत्र असतं, पण कुठेही काही बदललं की ते आकडे पुन्हा नवे होतात, आणि मग ‘तुम्ही तुम्हाला हवे ते आकडे येईपर्यंत दाबत बसलात’ या आरोपाला उत्तर राहत नाही. जनरल रजिस्टर क्रमांकांच्या चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, परिपाठानंतर सगळ्यांसमोर पाचवीतल्या एखाद्या मुलाकडून काढून घ्या. निकाल तिथल्या तिथे शीटमध्ये भरायचा आणि फलकावर लावायचा. प्रतीक्षा यादीही क्रमाने लावायची. बुद्धिबळाचा तास आवडला नाही म्हणून महिन्याभरात चार मुलं बाहेर पडतातच, तेव्हा यादीतल्या पुढच्याला बोलवायचं, ओळखीच्याला नाही.

आणि ताई, तुमच्या मुलीबद्दल. नृत्याच्या बाईंना भेटा. पंधरा ऑगस्टच्या किंवा गॅदरिंगच्या समूहनृत्याला वर्गाबाहेरची मुलं लागतात. तिचं नाव आत्ताच देऊन ठेवा.

आमच्या शाळेच्या ॲपमध्ये प्रत्येक उपक्रमाला गुण मिळतात आणि वर्गात कोण कितवा ते सगळ्यांना दिसतं. मी रोज चित्रं काढते, पण स्पर्धेत भाग घ्यायला मला आवडत नाही. माझ्या नावापुढे शून्य आहे. आई म्हणते, कशात तरी नाव दे. मी काय करू?
— आठवीतली एक मुलगी, नाशिक

बाळ, तू चित्रं काढत राहा. तुझ्या वहीतली दोन चित्रं चित्रकलेच्या सरांना नेऊन दाखव, स्पर्धेसाठी नाही, नुसती बघायला. वर्गाच्या भित्तिपत्रकाला, फलकलेखनाला, शाळेच्या हस्तलिखिताला चित्रं लागतात आणि तिथे कोणाशी चढाओढ नसते. तुला वाटलं तर एलिमेंटरी या शासकीय चित्रकला परीक्षेचाही विचार कर. तिथे कोणाला हरवायचं नसतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन एवढं नीट करायचं, आणि आपापल्या कामाची श्रेणी मिळते.

तुझ्या आईला आणि शाळेलाही दोन शब्द लिहिते. उपक्रमांना गुण देऊन वर्गाची क्रमवारी लावण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते आणि ती बंदही करता येते. ती बंद करा. ज्याला बाराशे गुण आहेत तो मुलगा प्रत्येक गोष्टीत नाव देऊन एकही धड करत नसेल. जी मुलगी रोज तासभर एकाच झाडाचं चित्र काढते तिला यंत्र शून्य देतं. सहभागाची नोंद शिक्षकांनी ठेवायची ती कोणाकडे लक्ष द्यायचं राहिलं हे कळावं म्हणून. ती वर्गात लावायची नसते. आठवीतल्या मुलीला आपल्या नावापुढचा शून्य साऱ्या वर्गासमोर रोज वाचायला लावणं मला क्रूर वाटतं.

आमच्या शाळेच्या स्पर्धांचे फोटो, मुलांची नावं, वर्ग हे सगळं आम्ही फेसबुक पानावर टाकतो. पालकांना आवडतं. प्रत्येक उपक्रमाचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. पण एका पालकांनी हरकत घेतली. नवा कायदा आला आहे म्हणतात. आम्ही काय बदलावं?
— एक मुख्याध्यापिका, डोंबिवली

बाई, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे, म्हणजे तुमची दहावीच काय, बारावीचीही बहुतेक मुलं त्यात आली. मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे, आणि मुलांविषयीची बंधनं मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांना काही सूट आहे. पण फेसबुकवर नाव-वर्गासकट फोटो टाकणं हे शैक्षणिक काम आहे, असं मी तरी म्हणणार नाही. कायदा नसता तरी म्हटलं नसतं.

प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या सहीवर सगळं भागवू नका. वर्षाच्या सुरुवातीला एक पानाचा संमतीपत्राचा नमुना द्या, सोप्या मराठीत, आणि प्रत्येक गोष्टीला वेगळी चौकट : फोटो शाळेच्या फलकावर चालेल का, शाळेच्या वार्षिक अंकात चालेल का, इंटरनेटवर चालेल का, नावासह की नावाशिवाय. ‘नाही’ म्हणणाऱ्या पालकांच्या मुलाला उपक्रमातून वगळलं जाणार नाही, हेही छापा. मग ती उत्तरं मुलांच्या शीटमध्ये एका रकान्यात आणा, म्हणजे फोटो टाकणाऱ्या शिक्षकांना शोधाशोध करावी लागणार नाही. काही घरांत नकाराला फार गंभीर कारण असतं. आईवडील वेगळे राहत असतात, न्यायालयात ताब्याची केस चालू असते, आणि मूल कोणत्या शाळेत आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं. ते कारण तुम्हाला सांगायला ते बांधील नाहीत.

ग्रुपबद्दल. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. कबड्डीच्या ग्रुपमध्ये शंभर घरांचे नंबर एकमेकांना वाटण्याचं काही कारण नाही. सूचना एकतर्फीच द्यायच्या असतील तर कम्युनिटीतला घोषणांचा ग्रुप वापरा, तिथे पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ब्रॉडकास्टही चालतो, पण ज्यांनी शाळेचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणून पहिल्या पालकसभेत सगळ्यांना तो नंबर तिथेच बसल्या बसल्या साठवायला लावा. आणि तो नंबर शाळेचा असावा, एखाद्या शिक्षिकेचा स्वतःचा नव्हे. रात्री अकराला ‘उद्या ड्रेस कोणता?’ हा प्रश्न तिच्या उशाशी वाजता कामा नये.

शीट कोणाकोणाला दिसते तेही आज तपासा. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी परवानगी ठेवून ती लिंक ग्रुपवर टाकलेली मी बऱ्याच शाळांत पाहिली आहे. म्हणजे मुलांच्या जन्मतारखा, पत्ते, फोन सगळं चव्हाट्यावर.

माझा मुलगा नववीत. खो-खोच्या तालुका स्पर्धा आणि चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा एकाच दिवशी आली. आम्हाला आदल्या संध्याकाळी कळलं. वर्षभर केलेल्या एका गोष्टीवर पाणी सोडावं लागलं. शाळेला आधी कळायला नको का?
— एक वडील, अमरावती

कळायला हवं होतं, आणि कळता आलं असतं. इंटरमिजिएट दोन दिवस चालते आणि तिचं वेळापत्रक बरंच आधी शाळेत येतं. खेळाच्या तारखा उशिरा ठरतात आणि पावसाने बदलतातही, ते शाळेच्या हातात नाही. पण तारीख हाती आली त्या क्षणी या दोन्ही यादींत कोणती मुलं सामाईक आहेत हे शोधणं शाळेच्याच हातात आहे. वर मी ओळीओळीने नोंद करायला सांगितलं ते यासाठीही. त्या तारखेच्या ओळी तेवढ्या गाळून घेतल्या आणि एकच क्रमांक दोनदा दिसला की झालं. आमच्याकडे क्रीडाशिक्षक आणि चित्रकलाशिक्षक वेगवेगळ्या मजल्यांवर बसायचे आणि महिनोन्महिने बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं, वेळच नव्हता. एक सामाईक गुगल कॅलेंडर दोघांच्या फोनमध्ये घातलं, आणि आयत्या वेळची धावपळ बरीचशी थांबली.

तुमच्यासारख्या वेळी, आधी कळलं तर शाळेने दोन दारं वाजवायची असतात : स्पर्धेच्या संयोजकांना सांगून आपला सामना दुपारी लावून घेता येतो का, आणि संघात बदली खेळाडूला आत्ताच तयार करता येतं का. परीक्षा हलत नाही, सामना कधीकधी हलतो. मुलाला सांगा, इंटरमिजिएट राहिली असेल तर पुढच्या वर्षी दहावीतही देता येते. पुढच्या सत्राच्या सुरुवातीला शाळेकडून सगळ्या संभाव्य तारखांचं पान मागून घ्या, आणि मिळेपर्यंत मागत राहा.

मी सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक आहे. शाळेत नेटवर्क येत नाही, टेकडीवर जाऊन एक-दोन काड्या मिळतात. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका ऑनलाइन भरायच्या असतात. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी साईट उघडलीच नाही आणि आमचा कबड्डीचा संघ बाहेर राहिला. मुलं आमची चांगली आहेत हो बाई. काय करावं?
— एक क्रीडाशिक्षक, जिल्हा नंदुरबार

सर, तुमचं पत्र वाचून मला राग आला, तो तुमच्यावर नव्हे. जिथे मुलं खऱ्या अर्थाने खेळतात तिथेच यंत्रणा पोचत नाही आणि मुदत मात्र सगळ्यांना एकच. याबद्दल आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे एक लेखी मागणी करा : नेटवर्क नसलेल्या शाळांची यादी आधी घ्यावी आणि त्यांच्या प्रवेशिका कागदावर स्वीकारून कार्यालयातच भरून घ्याव्यात. तुम्ही एकट्याने करू नका. प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धांना सगळ्या आश्रमशाळांचे शिक्षक एकत्र येतात, तिथे सह्या घ्या. पोच मिळाल्याचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवा.

तोवर काम निभावायची रीत सांगते. शाळा सुरू झाल्यावर लगेच, प्रवेशिका निघण्याची वाट न पाहता, सगळ्या संभाव्य खेळाडूंची फाईल लॅपटॉपवर किंवा फोनवर तयार ठेवा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत असतात, तेव्हा जन्मतारखेवरून तीन गट आधीच पाडून ठेवा. प्रत्येक मुलाचा पासपोर्ट आकाराचा फोटो, जन्मतारखेचा दाखला आणि आधार यांचे स्वच्छ, लहान आकाराचे स्कॅन एका फोल्डरमध्ये, आणि फाईलचं नाव म्हणजे जनरल रजिस्टर क्रमांक. फोटो पाच एमबीचा असला तर कमजोर नेटवर्कवर तो चढतच नाही. शंभर केबीच्या आसपास आणलात तर टेकडीवरूनही जातो. मुलांच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि दाखल्यावर एक असं तुमच्याकडे बऱ्याच जणांचं असेल. ते जूनमध्येच पाहून ठेवा, कारण दुरुस्तीला तालुक्याला हेलपाटे पडतात आणि मुलाच्या वडिलांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

गुगल शीट फोनवर ऑफलाइन ठेवता येते. गावात नेटवर्क नसताना नोंद करा, तालुक्याला गेलात की ती आपोआप वर जाते. फक्त ऑफलाइनची खूण आधी, नेटवर्क असताना, करून ठेवावी लागते. आणि एक वही ठेवाच. तुमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते, फोन बंद पडतो, वही बंद पडत नाही.

प्रवेशिका शेवटच्या दिवसावर ठेवू नका हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही पोळला आहात. साईट उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी धडगावला किंवा तळोद्याला जाल तेव्हा, पेनड्राइव्हवर तो फोल्डर घेऊन जा आणि सेतू केंद्रात किंवा ओळखीच्या शाळेत बसून भरा. मुख्याध्यापकांचा पासवर्ड आणि ओटीपीचा फोन कोणाकडे आहे ते निघण्याआधी विचारा, कारण ओटीपी शाळेतल्या फोनवर येतो आणि तुम्ही तालुक्याला असता. हे फार वेळा घडतं. भरून झालं की पावतीच्या दोन छापील प्रती काढा, आणि साईट चालत नसेल तर पडद्याचा फोटो तारीख-वेळेसकट घ्या आणि त्याच दिवशी क्रीडा कार्यालयाला मेल करा. ‘साईट बंद होती’ या तोंडी बोलण्याला कोणी विचारत नाही, त्या मेलला उत्तर द्यावं लागतं.

खेळून आल्यावर प्रमाणपत्र मिळेल त्याच संध्याकाळी त्याचा फोटो काढून फोल्डरमध्ये टाका. दहावीला खेळाच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, त्याला प्रमाणपत्र लागतं, आणि वसतिगृहाच्या पेटीतलं प्रमाणपत्र तोपर्यंत ओलीने गेलेलं असतं. यंदाच्या संघाच्या प्रवेशिकेची पावती मिळाली की मला कळवा. मासिकाच्या पत्त्यावर लिहिलंत तरी पोचेल.